आधी फाईल

चिरंजीव यास,

अनेक आशीर्वाद. ‘चिरंजीव’ लिहिताना हात अडखळला. मग तोच शब्द पुन्हा गिरवला.

तुझ्या आईनं तुझा बायॉप्सीचा रिपोर्ट फोनवर वाचून दाखवला. लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर. नऊ वर्षांपूर्वी माझ्याही कागदावर हाच शब्द होता. जो भेटेल तो ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणायचा आणि मला धाक, की रडलो तर गाठ वाढेल. रडून घे रे. गाठीला तुझ्या मूडशी काही देणंघेणं नाही, औषधाशी आहे.

धीर नंतर येतो, आधी फाईल कर. लिम्फोमाचे प्रकार पुष्कळ, आणि उपचार ठरतो तो प्रकारावर. म्हणून लॅबकडून तुझ्या गाठीच्या तुकड्याच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घे, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला. दुसरं मत घेणं म्हणजे इथल्या डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. मी सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून परळला टाटात दाखवून आलो (मांडीवर ती फाईल दिसली की पासवालेसुद्धा सरकून बसतात) आणि किमो मात्र सहाच्या सहा नाशकातच घेतल्या, दर एकवीस दिवसांनी.

एक गोष्ट घरात कुणी काढणार नाही. किमोच्या काही औषधांनी पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. वीर्य गोठवून ठेवता येतं, पण ते पहिल्या किमोआधी. आईसमोर विचारायची लाज वाटेल, तर डॉक्टरांना एकट्यानं गाठ.

रात्री मोबाईलवर जगण्याची टक्केवारी शोधत बसला असशील. मध्यक मीच शिकवला होता तुला: निम्मे अलीकडे, निम्मे पलीकडे. पलीकडचे किती लांब जातात, ते तो सांगत नाही. स्टीफन जे गूल्ड या जीवाश्मांच्या अभ्यासकाला १९८२ मध्ये एक दुर्मीळ कॅन्सर झाला, त्यात निदानानंतर जगण्याचा मध्यक होता आठ महिने. तो गेला २००२ मध्ये, तोही दुसऱ्याच कॅन्सरनं.

आता तापाचं. हे नीट वाच. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटल. दुसऱ्या किमोनंतर मला ताप आला, तर मी शहाण्यासारखी पॅरासिटामॉलची गोळी घेऊन झोपलो. ‘कशाला उगाच सगळ्यांना उठवायचं?’ सकाळी थेट आयसीयू. चार दिवस. गोळीनं ताप उतरतो, इन्फेक्शन आतल्या आत वाढतच राहतं. रात्री कुठं जायचं, गाडी कोण काढणार, ते आजच ठरव.

तुलाही माझ्यासारखं किमोतलं ते लाल औषध लागलं तर लघवी लाल होईल. रक्त नसतं ते. मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, बाथरूममध्ये भिंत धरून उभा होतो.

मावशी काढा आणेल. भांडू नकोस, पिऊही नकोस. बाटली डॉक्टरांना दाखव, काही काढे औषधाच्या आड येतात.

आईला रोज फोन करणाऱ्यांना उत्तरं देण्याचं काम एका माणसावर सोपव. धाकट्या काकांना जमेल, त्यांना बोलायला आवडतंच.

रविवारी सकाळी येतो. थर्मामीटर मी आणतोय, तू घेऊ नकोस. किमो सुरू झाली की तोंड येतं, तिखट सोसत नाही. तेव्हा रविवारी मिसळ खाऊन घेऊ.

तुझा,
सर