उत्तर झाकून ठेव

चि. मुली,

काल तू सरावाच्या वह्या ठेवून गेलीस आणि दारात चपला घालता घालता म्हणालीस, "बाई, चौदा संच सोडवले, तरी 40 पैकी 19 कसे?" तेव्हा मी काही बोलले नाही. रात्री वह्या उघडल्या. अक्षर मोत्यासारखं, चौकटीत लाल शाईने उत्तरं, आणि चौदा संचांत एक खाडाखोड नाही. दहावीच्या बीजगणितात खाडाखोड नाही! हे सगळं तू मागची उत्तरं बघून उतरवलंयस.

आता पूर्वपरीक्षेचा पेपर बघ. अर्थनियोजनातलं उदाहरण: करासह किंमत 1180 रुपये, जीएसटी 18 टक्के, करपात्र किंमत काढा. तू 1180 चे 18 टक्के काढलेस, 212.40, आणि वजा करून मोकळी झालीस: 967.60. वजाबाकी बिनचूक. पण कर 1180 वर लागलाच नव्हता, तो लागला मूळ किमतीवर. मूळ 100 तर बिल 118, म्हणजे इथे 1000. पडताळा घेतला असतास तर 967.60 वर 18 टक्के चढवून 1141 च्या पुढेमागेच थांबली असतीस. वरचे अडतीस रुपये कुठले? वहीत हाच प्रकार तिसऱ्या संचात आहे, नवव्यातही आहे, आणि दोन्हीकडे बरोबर आहे. उत्तर शेजारी होतं ना!

(दर पाठ करू नकोस हेही सांगून ठेवते. 22 सप्टेंबर 2025 पासून 12 आणि 28 चे टप्पे बहुतेक वस्तूंवरून गेले. उदाहरणात जो दर दिला असेल तो घ्यायचा.)

विज्ञान भाग 1 मध्ये तर तू कहर केलास. 2000 वॅटचा गीझर रोज 30 मिनिटं, महिन्याचे 30 दिवस, किती युनिट? तू लिहिलंस 1800. मिनिटांचे तास करायचे राहिले. राहू देत, घाईत होतं. पण 1800 युनिट लिहिताना हात थबकला कसा नाही? घरचं वीजबिल कधी हातात घेतलंयस? 2 किलोवॅट, अर्धा तास, 30 दिवस: 30 युनिट. उत्तर झाकून सोडवणाऱ्याला अशी शंका येते, कारण त्याला भरवसा फक्त स्वतःच्या डोक्याचा असतो.

मी हे एवढं ताडताड बोलते त्याला कारण आहे. माझ्या दहावीत माझ्याकडेही सोडवलेल्या प्रश्नांचं एक जाडजूड पुस्तक होतं, झोपताना उशाशी. बोर्डाच्या पेपरात उष्णतेचं उदाहरण आलं. 0 अंशाच्या 5 ग्रॅम बर्फाचं 20 अंशाचं पाणी करायला उष्णता किती, असं काहीसं. पुस्तकातलं उदाहरण बर्फ वितळला की संपायचं. मीही तिथेच संपवलं. एक ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी, म्हणून 5 गुणिले 80, 400 कॅलरी, खाली दोन रेघा. पुढे पाणी तापवायच्या 100 कॅलरी तशाच राहिल्या, आणि घरी येईपर्यंत मला पेपर सोपा गेला असं वाटत होतं. ते मला अजून लागतं.

त्याहून लागतं ते पुढचं. शिकवायला लागल्यावर पहिली काही वर्षं मीही फळ्यावर उत्तरं लिहून द्यायचे. पालक खूश, वह्या भरलेल्या. नंतर मी संचांची उत्तरं कपाटात कुलूप लावून ठेवायला लागले, तर तक्रारी झाल्या. दोन मुलं शिकवणी सोडून गेली. "बाई उत्तरं देत नाहीत, मग पैसे कशाचे?" असं एक आई माझ्या तोंडावर म्हणाली. मी थोडं गोडीने घ्यायला हवं होतं, एवढं कबूल. पण कुलपाबाबत माझं चुकलं नाही. नाहीच चुकलं.

तेव्हा उत्तर झाक. अडलीस तर दहा मिनिटं अडून बस, आकृती काढ, दिलेलं काय आणि विचारलंय काय ते लिही. चुकीचं का होईना, शेवटपर्यंत सोडव आणि मगच पान उलट. चुकलेली पायरी खोडरबरने पुसू नकोस, एक रेघ मारून तशीच ठेव, मला बघायची आहे. वेळ नाही म्हणशील. चौदा संच सुवाच्य अक्षरात उतरवायला होता, तो वेळ गं? भिंगाची उदाहरणंही अशीच करायची. चिन्हं चुकतील, चुकू देत. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर धन, अंतर्वक्राचं ऋण, हे चार वेळा स्वतः चुकल्यावर पक्कं बसतं. वाचून माझंही बसलं नव्हतं.

एक मात्र खरं, तुझी आकडेमोड चांगली आहे. 212.40 कागदावर चटकन काढणारी पोर मठ्ठ नसते. म्हणून तर राग येतो.

रविवारी सकाळी ये. पंधरावा संच आण आणि घरचं वीजबिल आण. संचाच्या मागची उत्तरांची पानं येतानाच स्टेपल करून आण, चारी बाजूंनी. पिना मी काढेन.

तुझी,
बाई