मालाचे वजन बरोबर, जागा चुकीची

प्रश्न : माझा भाचा नागपूर विमानतळावर माल चढवण्याच्या कामाला लागला आहे. टनभर माल पुढच्या होल्डऐवजी (विमानाच्या पोटातील मालाच्या कप्प्याऐवजी) मागच्या होल्डमध्ये गेला, म्हणून सगळा हिशेब नव्याने होईपर्यंत विमान थांबवले, असे तो सांगत होता. एकूण वजन तेच असताना एवढ्या अवाढव्य विमानाला काय फरक पडतो?
— एक कापूस उत्पादक, आर्णी (जि. यवतमाळ)

उत्तर : कापसाची बैलगाडी मागे जास्त भरली की ती उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, गाडीत एकूण किती क्विंटल आहे, याला मग अर्थ उरत नाही. विमानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळे वजन ज्या बिंदूवर तोलले जाते तो बिंदू, पुढेमागे किती सरकलेला चालेल, याची मर्यादा निर्मात्याने आखून दिलेली असते. ७० टनांच्या विमानात १ टन माल १० मीटर मागे गेला, तर गुरुत्वमध्य सुमारे १४ सेंटिमीटर मागे सरकतो. अशा विमानांत ही मुभा सारी मिळून साधारण एक मीटरची असते आणि प्रवासी व इंधन यांच्या मांडणीने तिचा बराचसा भाग आधीच व्यापलेला असू शकतो.

खरा धोका आहे तो कागद आणि होल्ड यांच्यातील तफावतीत. वैमानिक होल्ड उघडून पाहत नाही. लोडशीटवरील, म्हणजे वजन आणि त्याची मांडणी लिहिलेल्या कागदावरील, आकड्यांवरून तो उड्डाणापूर्वी शेपटीकडील आडव्या पंखाचा कोन, म्हणजे ट्रिम, लावतो. ७ ऑगस्ट १९९७ रोजी मायामीहून डेनिम कापड घेऊन निघालेले डीसी-८ मालवाहू विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि जमिनीवरील एकासह ५ जण मरण पावले. माल कागदावरच्यापेक्षा जड होता आणि गुरुत्वमध्य हिशेबापेक्षा मागे होता, त्यामुळे वैमानिकांनी कागदाप्रमाणे लावलेली ट्रिम प्रत्यक्षातल्या विमानासाठी चुकीची ठरली. नाक अनपेक्षितपणे वर गेले आणि पंखांची उचल संपली. त्या वैमानिकांना होल्डची खरी स्थिती कोणीतरी कळवायला हवी होती, असे हे प्रकरण वाचताना राहून राहून वाटते.

जागा बरोबर असली तरी माल पक्का बांधलेला हवा. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातील बगराम येथे ५ चिलखती वाहने नेणाऱ्या बोईंग ७४७ मध्ये बांधणी अपुरी होती. उड्डाणाच्या वेळी किमान एक वाहन मागे सरकले आणि त्याच्या धडकेने हायड्रॉलिक नळ्या व शेपटीची यंत्रणा निकामी झाली. विमानातील सातही जण दगावले.

संगणकामुळे चूक टळते, असेही समजू नये. जुलै २०२० मध्ये बर्मिंगहॅमहून निघालेल्या एका विमानात ‘मिस’ असे संबोधन लिहिलेल्या ३८ महिला संगणक प्रणालीने लहान मुली धरल्या आणि लोडशीटवर सुमारे १,२०० किलो वजन कमी लागले. ते उड्डाण सुखरूप झाले.

म्हणून आपल्या भाच्याच्या वरिष्ठांनी विमान थांबवले, हे योग्यच केले. माल सूचनेपेक्षा वेगळ्या जागी गेला, माल जागी धरून ठेवणारे एखादे कुलूप बसले नाही किंवा वजनाच्या चिठ्ठीबद्दल शंका आली, तर वेळेची कितीही घाई असली तरी ते त्याने दार बंद होण्यापूर्वी सांगावे. नवी लोडशीट काही मिनिटांत तयार होते, आणि विमान धावपट्टीवर वेग घेऊ लागल्यावर ती दुरुस्ती कोणालाच करता येत नाही.