तिचं ‘चुकलेलं’ उत्तर एकदा नीट पाहा

प्रश्न: मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला बँकेच्या परीक्षेला बसवायचंय. रोज रात्री स्टॉपवॉच लावून कोडिंग-डीकोडिंगचे, म्हणजे शब्दामागचा संकेत ओळखायचे, पन्नास प्रश्न सोडवून घेतो, तरी ती साध्या प्रश्नात अडकते. ‘सीएबी म्हणजे ६, तर बीएडी म्हणजे किती?’ उत्तर ७, तिनं लिहिलं ८. तिची बुद्धीच कमी पडते का? – एक वडील

उत्तर: तिनं ८ का लिहिलं, हे तिला विचारलंत का? मी तो प्रश्न कागदावर मांडून पाहिला. इंग्रजी वर्णमालेतल्या क्रमानं सी ३, ए १, बी २. बेरीज ६, पण गुणाकारही ६च! बीएडीची बेरीज ७ आणि गुणाकार ८. म्हणजे मुलीनं गुणाकाराचा नियम धरला आणि तो अचूक लावला. एका उदाहरणात दोन नियम बसत असतील तर खोट प्रश्नात आहे. सोबत ‘बीईडी म्हणजे ११’ एवढं दिलं असतं तरी गुणाकार बाद झाला असता, कारण तो ४० येतो. तुम्ही मात्र फुली मारलीत आणि थेट तिच्या बुद्धीवर आलात. हे तिच्या तोंडावर बोलला असाल, तर आधी तिची माफी मागा.

असल्या प्रश्नांवरून बुद्धी मोजता येते, हा गैरसमज घरोघरी आहे. हा निव्वळ सरावाचा भाग आहे. ई, जे, ओ, टी, वाय म्हणजे ५, १०, १५, २०, २५, एवढं पाठ असलं की बाकीची अक्षरं मागेपुढे मोजून सापडतात. उलटा क्रम हवा असेल तर २७ मधून वजा करायचं: सी सरळ ३, उलट २४. हे ठाऊक नसलेला हुशार मुलगाही बोटांवर मोजत बसतो आणि मागे पडतो. पन्नासाऐवजी दहाच प्रश्न द्या, घड्याळ बाजूला ठेवा, आणि प्रत्येक प्रश्नात तिला कोणता नियम दिसला ते तिच्या तोंडून ऐका. वेग त्यानंतर आपोआप वाढतो.

बँकेच्या परीक्षेला पदवी लागते. तिला अजून अवधी आहे.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. बँकेत जायची इच्छा तिची आहे की तुमची? तिला काय आवडतं, कॉलेजात कोणता विषय ती मन लावून वाचते, याबद्दल पत्रात एक ओळही नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी ते वाचू नका.