विचारा बिनधास्त : टिकली लावली की गार्ड मागे फिरत नाही

प्रश्न : ताई नमस्कार, नवऱ्याच्या आयटी जॉबमुळे आम्ही दीड वर्षापूर्वी चेक रिपब्लिकमध्ये ब्रनोला आलो. घर शोधताना नवरा फोनवर बोलला, सगळं ठरलं, आणि मी एकटी फ्लॅट बघायला गेले तर घरमालकीण दारातच मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली फ्लॅट गेला. मी इंग्लिशमध्ये बोलले, इंडिया म्हटलं, तशी एकदम हसली, अगं इंडियन होय, मला वाटलं तुम्ही जिप्सी! आणि गेलेला फ्लॅट परत आला. घेतला आम्ही, अजून तिथेच राहतो. दुकानात गार्ड मागे मागे यायचा म्हणून हल्ली मी मुद्दाम टिकली लावून जाते, इकडे तर जीन्सवर, पण लावते. आता मुलाची पहिलीची अ‍ॅडमिशन आहे आणि आमच्या इंडियन मॉम्सच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की जवळच्या शाळेत "ती" मुलं खूप आहेत, टाळा. मला कसंतरी होतंय पण भीतीही वाटतेय. काय करू?
– एक वाचक, ब्रनो

उत्तर : टिकलीपासूनच सुरुवात करते, कारण तुझ्या पत्रात मला तीच टोचली. (तू म्हणतेय, चालेल ना?) फ्लॅट घेतलात ते ठीकच, परक्या गावात डोक्यावर छप्पर आधी. पण बघ, तुला "मी बाहेरची आहे" म्हटल्यावर घर मिळालं, आणि जिच्यासाठी ते दार बंद झालं होतं ती रोमा बाई (जिप्सी म्हणतात ते हेच लोक, ते स्वतःला रोमा म्हणतात) तिथेच जन्मलेली, पासपोर्ट चेक, भाषा चेक, ती "मी इथलीच" म्हणाली तरी दार उघडत नाही. तिने काय लावायचं कपाळाला?

आणि दार उघडलं नाही की पुढे काय होतं तेही सांगते, कारण तुझ्या ग्रुपवरच्या बायांना फक्त शेवटचं टोक दिसतंय. चांगल्या वस्तीत घर मिळत नाही म्हणून कुटुंब जातं उबीतोव्नात, म्हणजे मजुरांसाठीचं हॉस्टेल असतं तसलं, एका खोलीत पाच-सहा जण, बाथरूम कॉमन, भाडं बऱ्याचदा माणशी, आणि सरकारकडून घरभाड्याला जी मदत मिळते ती सरळ मालकाच्या खिशात. चेक लोक स्वतःच याला "गरिबीचा धंदा" म्हणतात. मग पत्ता त्या हॉस्टेलचा असला की नोकरीला फोन येत नाही, कर्ज थकतं, पोरं तिथल्याच शाळेत, आणि रस्त्यावरून जाणारा म्हणतो बघा कसे राहतात हे लोक.

शाळेचं तर फारच वाईट आहे. ओस्ट्रावा शहरातल्या 18 रोमा मुलांना मतिमंद मुलांच्या स्पेशल शाळेत घातलं होतं, केस स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवाधिकार कोर्टापर्यंत गेली आणि 2007 मध्ये कोर्टाने सांगितलं की हा भेदभावच आहे. कोर्टापुढे आकडा आला होता की ओस्ट्रावात रोमा मूल अशा शाळेत जायची शक्यता इतर मुलांपेक्षा 27 पट जास्त. पोरं काही मंद नव्हती गं, टेस्टच चेक घरातल्या मुलांना डोळ्यासमोर ठेवून केलेल्या. आणि त्या शाळेतून बाहेर पडलं की पुढचं चांगलं शिक्षण जवळपास बंद. नंतर शाळांची नावं बदलली, कायदे सुधारले, तरी काही शाळा अजून जवळपास निव्वळ रोमा मुलांच्याच आहेत, आणि त्याला आता स्पेशल शाळेचा शिक्का लागत नाही, चार घरांनी मुलं काढली की आणखी दहा काढतात. ग्रुपवर "टाळा" लिहिलं की झालं.

लोक मग काय करतात, लपवतात. 2021 च्या जनगणनेत आपण रोमा असं लिहिणारे जेमतेम 21-22 हजार निघाले, आणि अंदाज आहे अडीच लाखांच्या आसपासचा. मला आधी याचं नवल वाटलं होतं. मग कळलं की दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या राजवटीला रोमांच्या याद्याच उपयोगी पडल्या होत्या, नोंद असलेल्यांना लेटी आणि होडोनीनच्या छावण्यांत डांबलं आणि तिथून आउशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवलं, युद्धाआधीच्या चेक रोमांपैकी फार थोडे वाचले. यातली होडोनीनची छावणी तुमच्या ब्रनोच्या उत्तरेलाच होती. लेटीच्या जागेवर तर सत्तरच्या दशकात डुकरांचं फार्म बांधलं, ते हटायला हे शतक उजाडून बरीच वर्षं जावी लागली. कोण लिहील मग फॉर्मवर?

आपण फार वर नाक करायला नको म्हणा. आपल्याकडे 1871 च्या इंग्रजी कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, 1952 ला शिक्का पुसला, तरी गावात चोरी झाली की पारध्याच्या पालावर आधी कोण जातं ते ठाऊक आहे सगळ्यांना. घर भाड्याने देताना आडनाव विचारणाऱ्या मालकांबद्दल तर बोलायलाच नको.

आता तुझं. शाळेत स्वतः जाऊन ये, एक तास वर्गात बसू देतात का विचार, बाईंना विचार वर्गात किती मुलं, चेक न येणाऱ्या मुलाला मदत कोण करतं. यात शाळा कच्ची निघाली तर खुशाल दुसरी बघ, मुलाचं नुकसान करून कुणाचं भलं होत नाही. पण मेसेज पुढे ढकलू नकोस, आणि ग्रुपवर एवढं तरी लिही की मी जाऊन आले, असं असं दिसलं. पुन्हा दारावर कुणी तसं वागलं तर तारीख, वेळ, मेसेज जपून ठेव, भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या लोकपालाचं ऑफिस ब्रनोतच आहे, तक्रारीला फी नाही. आणि मुलाला एका रविवारी रोमा संस्कृतीचं म्युझियम दाखव, तेही तुझ्याच गावात, ब्रातिस्लावस्का रस्त्यावर. निघण्याआधी बघून घे कधी उघडं असतं ते.

टिकलीचं तू ठरव. आवडते म्हणून लावत असशील तर लाव की.

प्रश्न : रोमा लोक म्हणजे पृथ्वीराज चौहानाचे सैनिक, असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. खरं का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : भारतातून गेले हे खरं, साधारण हजारेक वर्षांपूर्वी. सैनिकांचं मात्र कुणी सिद्ध केलेलं नाही, आपल्याला पूर्वज तलवारवालेच आवडतात एवढंच. भक्कम पुरावा आहे तो भाषेचा. त्यांच्यात पाण्याला पानी, कानाला कान, मिठाला लोन, माणसाला मनुश. प्रागच्या मिलेना हुब्श्मानोवा हिंदी-उर्दू शिकलेल्या, त्यांनी पुढे आयुष्यभर रोमानी भाषेवर काम केलं. आकडे मोजून बघा : येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव, इथपर्यंत आपल्याला ओळखू येतं, मग एफ्ता, ओख्तो, एन्या हे वाटेत ग्रीकांकडून घेतलेले, आणि दहाला परत आपलं देश.