चिऱ्याच्या भिंतीपलीकडचं वाय-फाय

प्रश्न : पणजीत जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतो. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, दीड फूट जाड. कनेक्शन २०० एमबीपीएसचं, शिवाय तीन डब्यांचं ड्युअल-बँड मेश (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर चालणारे, एकमेकांशी जोडलेले वाय-फायचे डबे). हॉलमध्ये पूर्ण वेग मिळतो, मागच्या खोलीत जेमतेम १५. फोनवर पट्ट्या मात्र भरलेल्या! चौथा डबा घेऊ का?

उत्तर : घेऊ नका. फोन आणि जवळच्या डब्याचं कसं जमतंय, एवढंच त्या पट्ट्या सांगतात. तो डबा मुख्य डब्याला कसा जोडला गेलाय हे त्यातून कळत नाही, आणि दुखणं नेमकं तिथे आहे. ड्युअल-बँड मेशमध्ये सहसा ५ गिगाहर्ट्झचा एकच रेडिओ मुख्य डब्याकडून घेतो आणि फोनला देतो. दोन्ही एका वेळी होत नाही, म्हणून दर टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. हॉल, मधली खोली, मागची खोली अशी साखळी लागली की भिंती न धरताही पाव भागच उरतो. त्यात चिरा सच्छिद्र. पावसाळ्यात तो ओल धरतो आणि पाणी या लहरी शोषतं.

आधी लॅपटॉप केबलने कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डब्याला जोडून वेग मोजा. तिथेच २०० येत नसतील तर मेशला दोष देण्यात अर्थ नाही. येत असतील तर मेशच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक डब्याचा मुख्य डब्याशी असलेला सिग्नल पाहा. उणे ६५ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) आसपास असेल तर ठीक. उणे ७५ म्हणजे डबा चुकीच्या जागी आहे. जिथे नेट पोचत नाही तिथे डबा ठेवायचा, ही नेहमीची चूक. तो ठेवायचा जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे, शक्यतो उघड्या दाराच्या रेषेत. भिंत तिरकी ओलांडू देऊ नका : ४५ सेंटीमीटरची भिंत ४५ अंशांत जवळपास ६४ सेंटीमीटरची होते. मधे फ्रिज किंवा मोठा आरसा आला तर विचारायलाच नको.

खरा इलाज मात्र तार. चौथ्या डब्याचे पैसे कॅट-६ या नेटवर्क केबलवर घाला आणि मागच्या खोलीतला डबा तिने मुख्य डब्याला जोडा. २५ मीटर तुमच्या घराला बहुधा पुरेल. मर्यादा १०० मीटरची आहे. केबल शुद्ध तांब्याची घ्या. टोक ब्लेडने खरवडून बघा : आत पांढरी चकाकी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. ते वाकवताना तुटतं.

केबल दाराच्या चौकटीवरून पीव्हीसी पट्टीतून न्या, विजेच्या वायरिंगपासून वीतभर लांब. भोक पाडावंच लागलं तर आधी केबल ओढून घ्या, प्लग नंतर क्रिम्प करा (खास पक्कडीने दाबून बसवा), म्हणजे भोक लहान राहतं. भोक बाहेरच्या भिंतीत असेल तर त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या आणि केबलला भोकाखाली एक झोळ सोडा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. दोन्ही टोकांना आतल्या आठ तारांच्या रंगांचा क्रम एकच ठेवा आणि टेस्टरवर आठही दिवे पाहा. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तरी नेट सहसा चालतं, पण १०० एमबीपीएसवर अडकतं, आणि लोक महिनोन् महिने कंपनीशी भांडत बसतात.

जोडणी झाली की फायबरच्या डब्याचं स्वतःचं वाय-फाय बंद करा. तोही राउटर आणि मेशही राउटर असेल, तर मेश ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाका, म्हणजे ते फक्त वाय-फाय देईल, राउटरचं काम फायबरचा डबाच करेल. त्याच दोन डब्यांमध्ये दुसरी केबल लावू नका. चक्र तयार होऊन सगळं जाळंच बसू शकतं.

प्रश्न : म्हापशात वीज गेली की इन्व्हर्टर लगेच लागतो, तरी नेट दोन-तीन मिनिटं येत नाही. का?

उत्तर : इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात डबे बंद पडतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस लावा. अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत, अँपिअर यूपीएसचे जास्त चालतील. ९ व्होल्टच्या डब्याला १२ दिलेत तर तो जळू शकतो. पिनेची जाडीही तपासा. फायबरचा डबा, मुख्य मेश आणि मधे नेटवर्क स्विच (केबली एकमेकींना जोडणारा डबा) असेल तर तो, तिन्हींना आधार हवा. स्विचच लोक विसरतात.