दोन मिनिटं फोन कुणाच्या हातात होता?

मागच्या अंकात मी फोन गरम का होतो ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांना फोनच्या तापाशी काही घेणंदेणं नाही, आपला फोन कुणीतरी चोरून वाचतंय का, एवढंच त्यांना विचारायचं आहे. साताऱ्यात राजवाड्याजवळ माझं दुरुस्तीचं दुकान आहे. सतरा वर्षं मी फोन उघडतेय. काउंटरवर बाई बसलेली असते म्हणून बायका हा प्रश्न मलाच जरा खालच्या आवाजात विचारतात. म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच.

प्रश्न : मी एका पतसंस्थेत नोकरी करते. लग्नाला नऊ वर्षं झाली. गेले तीन महिने मी बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर जे लिहिते ते दोन दिवसांत नवऱ्याच्या बोलण्यात येतं. भिशीचे पैसे आईच्या औषधांना देणार असं तिला लिहिलं, तर रात्री जेवताना हे म्हणाले, "औषधं फार महाग झालीत म्हणे हल्ली." मी घरात कुणाला बोलले नव्हते आणि बहीण सांगणारी नाही. फोन तापतो, बॅटरी दुपारीच उतरते. मैत्रिणीने *#२१# दाबून बघायला सांगितलं, त्यात काही निघालं नाही. फोन फॉरमॅट करून टाकू का? (कराड)

उत्तर : ताई, फॉरमॅट करू नका, निदान आज तरी नको. पुरावा असेल तर तोही पुसला जाईल, आणि नंतर त्याच गुगल खात्याने फोन चालू केलात तर मागचं दार उघडं ते उघडंच.

आधी त्या *#२१# चं सांगते, कारण दर पावसाळ्यात तो मेसेज नव्याने फिरतो. तुमचे कॉल दुसऱ्या नंबरावर वळवलेत का, एवढंच त्यातून कळतं. व्हॉट्सअ‍ॅप कोण वाचतंय याच्याशी त्याचा संबंध नाही. तापणं आणि बॅटरी उतरणंही बाजूला ठेवा. तीन वर्षांच्या फोनची बॅटरी उतरतेच, आणि पतसंस्थेच्या जाड भिंतींत रेंज शोधून शोधून तो तापतोही. बॅटरीवरून पाळत ओळखणं म्हणजे खोकल्यावरून क्षयाचं निदान करणं. कधी बरोबर निघतंही, पण त्या भरवशावर औषध सुरू करत नाहीत.

तुमच्या पत्रातला खरा धागा वेगळाच आहे. त्यांना कळतंय ते फक्त बहिणीला लिहिलेलं. फोनवर बोललेलं किंवा पतसंस्थेतलं काही त्यांच्या तोंडी येत नाही. म्हणजे फोनभर पाळत असण्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅप दुसरीकडे उघडं असण्याची शक्यता जास्त.

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस म्हणून एक पान आहे. एका नंबराला फोनखेरीज चार यंत्रं जोडता येतात. लॅपटॉपवरचा कोड तुमच्या फोनने स्कॅन केला की झालं, दोन मिनिटांचं काम. पूर्वी फोनचं नेट बंद केलं की वेबवरचं व्हॉट्सअ‍ॅपही बंद पडायचं. २०२१ पासून तसं राहिलं नाही. फोन बंद असला तरी जोडलेला लॅपटॉप आपला वाचत बसतो. तुमचा फोन सलग चौदा दिवस वापरला गेला नाही तरच ती जोडणी आपोआप तुटते, आणि चौदा दिवस फोनला हात न लावणारं माणूस मी तरी अजून पाहिलेलं नाही.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगी डिस्प्ले बदलायला आली होती. तिचीही शंका तुमच्यासारखीच. काम संपलं, फोन चालू केला आणि तिला हे पान उघडायला सांगितलं. एका ओळीत 'विंडोज', खाली 'लास्ट अ‍ॅक्टिव्ह : आज ११:४०'. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजायला आले होते. अकरा चाळीसला ती माझ्यासमोर स्टुलावर बसलेली होती आणि फोन माझ्या टेबलावर उघडा पडला होता, बॅटरीची पट्टी काढलेली, डिस्प्ले बाजूला. तिच्या घरात लॅपटॉप एकच आहे म्हणाली. कुणाचा ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता तुम्ही काय करायचं? बहिणीला प्रत्यक्ष भेटा किंवा दुसऱ्या कुणाच्या फोनवरून बोला. उद्या दुपारी तीनला तिने तुम्हाला काहीतरी साधंसं लिहायचं, 'डाळिंबं आलीत' वगैरे. तुम्ही चारपर्यंत फोन पर्समधून काढायचा नाही. तिकडे निळ्या टिका आल्या, किंवा चारला तुम्ही बघताना त्या मेसेजसमोरचा हिरवा आकडा आधीच गेलेला असला, तर कुणीतरी तो उघडलाय. दुसऱ्या यंत्रावर वाचलं की तुमच्या फोनवरही वाचलेलं दिसतं. मात्र टिका आल्या नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका. वरवर नोटिफिकेशन वाचणारं काही बसवलेलं असेल तर टिका येत नाहीत.

आणि एक जरा अवघड प्रश्न. कोड स्कॅन करताना व्हॉट्सअ‍ॅप बहुतेक फोनवर बोट किंवा लॉक मागतं. मग ते कसं उघडलं? सेटिंग्जमध्ये फिंगरप्रिंटच्या यादीत जाऊन बोटं मोजा. नवीन फोन आला त्या दिवशी गंमत म्हणून किंवा 'गाडीवर असताना माझा फोन उचलता यावा' म्हणून नवऱ्याचा अंगठा त्यात घातलेला असतो, आणि बाई ते विसरून गेलेली असते. माझ्याकडे येणाऱ्या दहा फोनांत दोन-तीन तरी असे निघतात. पॅटर्न मुलांना माहीत असतो हे तर धरूनच चाला.

लिंक्ड डिव्हाइसेस रिकामं असेल तर पुढची जागा गुगल खातं. सिक्युरिटीत 'युअर डिव्हाइसेस' बघा. तुम्ही विकलेला, दिराला दिलेला जुना फोन तिथे अजून जिवंत दिसेल. त्याच खात्यात रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल (पासवर्ड विसरला तर ज्यावरून खातं परत मिळतं ते) कुणाचा आहे तेही बघा. पुष्कळ घरांत बाईचं खातं फोन घेतला त्या दिवशी नवऱ्याने दुकानातच उघडून दिलेलं असतं आणि रिकव्हरीला त्याचा नंबर असतो. मग तुम्ही दहा वेळा पासवर्ड बदला, तो बसल्या जागी अकराव्यांदा बदलू शकतो. साधे एसएमएस ज्यात येतात त्या गुगल मेसेजेसमध्येही 'डिव्हाइस पेअरिंग' आहे. तिथून ओटीपीसुद्धा कॉम्प्युटरवर दिसतात, आणि तुम्ही पतसंस्थेत काम करता म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

चोरून बसवलेलं अ‍ॅप शोधायचं तर त्याचं चिन्ह शोधू नका, ते लपवलेलंच असतं. नावही 'सिस्टीम सर्व्हिस', 'सिंक' असलं भोळंभाबडं. त्याला कामासाठी कुठल्या परवानग्या लागतात त्या शोधा. सेटिंग्जमधल्या शोधखिडकीत आधी 'नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस' लिहा, मग 'अ‍ॅक्सेसिबिलिटी', मग 'डिव्हाइस अ‍ॅडमिन'. या तीन याद्या छोट्या असायला हव्यात. घड्याळ जोडलेलं असेल तर त्याचं अ‍ॅप पहिल्या यादीत दिसेल, ते ठीक. तुम्ही न घेतलेलं एखादं नाव तिन्हीकडे दिसलं तर मात्र डोकं चालवायला हवं. प्ले स्टोअर उघडून प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक अ‍ॅप पकडणारं गुगलचं राखणदार, चालू आहे का तेही बघा. असली अ‍ॅप बसवताना ते बंद करावं लागतं, आणि पुन्हा चालू करण्याचं भान बसवणाऱ्याला बहुधा नसतं. 'एंड टू एंड एन्क्रिप्शन'चा इथे उपयोग नाही. मेसेज वाटेत कुणी वाचू नये म्हणून ते असतं. फोनच्या आत बसलेल्याला मेसेज उघडाच मिळतो.

काही सापडलं तर? हात तिथेच थांबवा. लॉग आउट दाबलं की पलीकडचा पडदा त्याच क्षणी रिकामा होतो आणि त्यांना कळतं. ज्या घरात यावरून फक्त तोंडातोंडी होईल तिथे खुशाल दाबा. हात उचलला जाण्याची शक्यता असेल तर आधी कुठे जायचं, कुणाला सांगायचं ते ठरवा, मग दाबा. तुमचं घर कुठल्या प्रकारचं ते पत्रात नाही, ते तुम्हालाच ठाऊक. स्क्रीनशॉट काढू नका, गुगल फोटोजचा बॅकअप दुसरीकडे उघडा असेल तर तो तिथेही जाईल. मैत्रिणीच्या फोनने तुमच्या स्क्रीनचा फोटो काढा, वेळ आणि यंत्राचं नाव येईल असा. मदतीसाठी फोन आणि शोधाशोधही तिच्याच फोनवरून. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे जाता येतं.

कायद्याचं थोडं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ (जुन्या दंडसंहितेत ३५४ड) पाठलागाचं आहे, आणि स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संवादावर पुरुषाने पाळत ठेवणंही त्यात येतं. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नवऱ्याला वेगळी सूट त्या कलमात लिहिलेली नाही. १४ जुलै २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काही नवरेमंडळी परवान्यासारखा दाखवतात. जोडीदाराशी झालेलं बोलणं चोरून रेकॉर्ड केलेलं असलं तरी वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालू शकतं, असं त्यात म्हटलंय. ती पुराव्याची गोष्ट झाली. बायकोचं व्हॉट्सअ‍ॅप लॅपटॉपवर उघडून बसायची मुभा त्यात मला तरी कुठे सापडली नाही. पुढे जायचं झालं तर वकिलाला विचारा, माझं काम स्क्रूड्रायव्हरपर्यंतचं.

सगळं ठरल्यावर कामाचा क्रम असा ठेवा : दुसऱ्या फोनवरून गुगलचा पासवर्ड आणि रिकव्हरी नंबर, मग फोनचा पॅटर्न आणि बोटं, मग लॉग आउट. व्हॉट्सअ‍ॅपचा सहा आकडी पिनही लावा, पण त्याने कुणी तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर चालू करू शकत नाही इतकंच. लॅपटॉप जोडणं त्याने थांबत नाही.

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे. रात्री दोनपर्यंत कुणाशीतरी मेसेज चालू असतात. त्याला न कळता ते वाचता येतील असं खात्रीचं अ‍ॅप सुचवा. पैसे देईन. (नांदेड)

उत्तर : दादा, दुकानातही मी हे करून देत नाही. नैतिकतेचं राहू द्या, व्यवहाराचं बोलू. अशी अ‍ॅप विकणाऱ्या कंपन्या तुमच्या मुलाचे मेसेज आणि फोटो परदेशातल्या आपल्या सर्व्हरवर साठवतात, आणि त्यांतल्या एकीचा, एमस्पायचा, साठा आजवर एकापेक्षा जास्त वेळा फुटलाय. मुलाचं गुपित आपल्याला कळावं म्हणून ते अनोळखी लोकांच्या हवाली करायला तुम्ही पैसे देणार? गुगलचं फॅमिली लिंक आहे. रात्री अकराला फोन बंद करता येतो, कुठलं अ‍ॅप किती वेळ वापरलं ते दिसतं. मेसेज दिसत नाहीत, आणि मुलाला त्याचा पत्ता असतो. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे रात्री सगळ्यांचे फोन चार्जिंगला ओट्यावर. सगळ्यांचे, म्हणजे तुमचाही.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक. वर्तमानपत्रात पेगासस या फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल वाचल्यापासून झोप नाही. माझ्या फोनमध्ये ते असेल काय? (पंढरपूर)

उत्तर : सर, शांत झोपा. ते बनवणारी इस्रायली कंपनी एनएसओ आपण फक्त सरकारांनाच विकतो असं म्हणते. २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने तिच्यावर अमेरिकेत खटला भरला तेव्हा जगभरातल्या सुमारे १,४०० लोकांचा प्रश्न होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या तांत्रिक समितीने २९ फोन तपासले. पाचांत कसलंतरी घातक सॉफ्टवेअर मिळालं, ते पेगाससच असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही. पत्रकार, पुढारी, आंदोलनं करणारे यांनी काळजी करावी, ती खरी आहे. तुमच्या पेन्शनीच्या चौकशीसाठी कुणी एवढा खर्च करणार नाही.

तुमचा चोर वेगळा आहे, सर. तो गोड आवाजात फोन करतो, "तुमचं सिम बंद होणार आहे, *४०१* आणि हा नंबर दाबा." दाबलंत की तुमचे कॉल त्याच्याकडे, मग व्हॉट्सअ‍ॅपचा पडताळणीचा कोड तो कॉलवर मागवतो आणि तुमचा नंबर त्याच्या फोनवर चालू. या प्रकारामुळेच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोड दाबून होणारं कॉल फॉरवर्डिंग थांबवायला कंपन्यांना सांगितलं होतं. तरी ##००२# एकदा दाबून ठेवा, वळवलेलं सगळं रद्द होतं. दुसरी तऱ्हा म्हणजे, "तुमचा जुना फोटो सापडला, बघायला व्हॉट्सअ‍ॅपमध्ये हा आठ अक्षरांचा कोड टाका." फोटोबिटो काही नसतो. तो कोड टाकणं म्हणजे त्याचा कॉम्प्युटर आपल्या हाताने जोडून देणं. पैसे गेले असतील तर १९३०, ताबडतोब.

प्रश्न : होस्टेलवर रूममेटला माझ्या सगळ्या गोष्टी आधीच माहीत असतात. ताई, फोनमध्ये काय शोधू? (कोल्हापूर)

उत्तर : वरचं कराडचं उत्तर वाच आणि बोटं मोज. त्याआधी एक सांग, रात्री चार्जर तिच्या बाजूच्या प्लगला असतो का? आणि स्क्रीन लॉक असताना मेसेज वरच्या वर पूर्ण दिसतात का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर शोधायला काही नाही, ती फक्त वाचते. सेटिंग्जमध्ये लॉक स्क्रीनवरचा मजकूर लपव आणि एक्स्टेन्शन बोर्ड घे. दोन मीटर वायरचा घे, एक मीटरचा पलंगापर्यंत पोचत नाही.