गॅलरीतला पुदिना आणि संक्रांतीचं वाण

मुलुंडच्या एका ताईंनी विचारलंय : 'गॅलरीतल्या कुंडीतला पुदिना गणपतीच्या दिवसांत उन्हात वाळवून बाटलीत भरला. पंधरा दिवसांत बुरशी आली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरचा पुदिना आणि गवती चहा वाण म्हणून द्यायचा आहे. काय चुकलं?'

ताई, वेळ चुकली. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. पान वरून कोरडं वाटतं, पण देठाशी ओल राहते. कुरकुरीत झालेलं पानही तासाभरात पुन्हा मऊ पडतं. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते, म्हणजे तुमच्या वाणासाठी अगदी योग्य दिवस.

पुदिना फुलावर येण्याआधी, सकाळी दव उडाल्यावर कापा. तेव्हा पानात वास भरपूर असतो. कडुनिंबाच्या तेलाची फवारणी केली असेल तर आठवडाभर थांबा. धुऊन, स्वच्छ पंचात गुंडाळून पाणी टिपून घ्या. वाळवण उन्हात नको, सावलीतच करा. उन्हानं रंग जातो आणि वासही उडतो. गॅलरीच्या ग्रिलवर तर मुळीच नको, कबुतरं आणि रस्त्याची धूळ तुम्हाला ठाऊकच आहे. घरात मलमलच्या कापडावर एकेरी थर पसरून पंखा सोडा. खाली वर्तमानपत्र घालू नका, शाई पानांना लागते.

चार-पाच दिवसांनी एक काडी वाकवून बघा. नुसती वाकली तर अजून ओल आहे. 'कट्' करून तुटली आणि पान चिमटीत चुरलं, की झालं. तरीही लगेच गाठीला बांधू नका. काचेच्या कोरड्या बरणीत भरून झाकण लावा आणि दुसऱ्या दिवशी बरणी उजेडात धरा. आतून काच धुरकट दिसली तर सगळं पुन्हा पसरा. असं आठवडाभर बघत राहा. माझ्या मते बहुतेकांचा माल याच पायरीवर वाया जातो, कारण एवढा धीर कोणी धरत नाही.

गवती चहा कात्रीनं बोटभर कापून वाळवा, सोपा आहे. कढीपत्ताही छान वाळतो. कोथिंबिरीच्या वाटेला जाऊ नका, वास राहत नाही. ओव्याचं पान गुबगुबीत, पाण्यानं भरलेलं. त्याची ताजी भजीच करावीत.

१०० ग्रॅम ताज्या पानांचे जेमतेम १५ ग्रॅम होतात. वीस बायकांना वाण द्यायचं तर दोन कुंड्या पुरणार नाहीत; आत्ताच काड्या रोवून आणखी चार-पाच कुंड्या लावा. बाटल्या लहान घ्या आणि वाळवल्याची तारीख चिठ्ठीवर लिहा. चमचाभर ताज्या चिरलेल्या पुदिन्याच्या जागी पाव ते अर्धा चमचा वाळलेला पुरतो, हेही त्याच चिठ्ठीवर लिहिलंत तर घेणारीचं ताक कडू होणार नाही.